साहेबाशी पटवून घेताना: कोकणातल्या नोकरीसाठी एक वाटाड्या

लोटे-परशुरामच्या केमिकल कंपनीत, मिरजोळे एमआयडीसीत, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात नाहीतर तारकर्लीच्या रिसॉर्टवर कामाला असलेल्या कुणालाही विचारून बघा, "काय, नोकरी कशी चाललीय?" पगार किती ते मागाहून कळतं. आधी साहेब कसा आहे ते कळतं. "माणूस बरा आहे" किंवा "काही विचारू नको", या दोनांतलं एक.

ही काही आपलीच खोड नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून आदल्या दिवसाची हकिगत लिहून घेतली होती: काय करत होतात, कुणाबरोबर होतात, कसं वाटत होतं. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मित्रमंडळी, नातेवाईक, नवरा, मुलं, सहकारी अशा सगळ्यांत वरिष्ठाबरोबरचा वेळ तळाला गेला, एकटं असण्याच्याही खाली.

म्हणून साहेबाने गोड बोलावं, वाढदिवसाला केक कापावा, असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते अर्धवट वाटतं. साहेबाचा अंदाज बांधता येणं हे त्याच्या गोड बोलण्यापेक्षा मोठं आहे. रजा मिळेल का, पैसे कधी हातात पडतील, चूक कबूल केली तर काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याला आधीच ठाऊक असतात तो तापट शेठकडेही वर्षानुवर्षं टिकतो. रोज सकाळी साहेबाचा चेहरा बघून ज्याला दिवस ठरवावा लागतो, तो हसतमुख साहेबाकडेही आतून थकतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडलेलं सूत्र याच्या जवळ जातं. काम जड असलं तरी माणूस ते पेलतो. काम जड आणि त्यात आपलं काहीच चालत नाही, ही जोडी मात्र त्याला खाते.

पुढच्या पायऱ्या साहेब आणि कामगार, दोघांसाठी आहेत. कुठली कुणी चढायची ते ओघात येईलच.

पायरी १: आपलं नातं कसलं आहे ते ओळखा

कोकणात साहेब साधारण तीन प्रकारचे भेटतात.

पहिला गावातलाच. रिसॉर्ट, काजू कारखाना, आंब्याचं कॅनिंग, बागायत. तो तुमच्या वडिलांना ओळखतो, तुम्ही त्याला काका किंवा दादा म्हणता, तुमच्या घरच्या लग्नाला त्याची गाडी आलेली असते. इथे पैशाचं बोलायची चोरी होते. जादा वेळेचे पैसे मागावेत तर "घरचाच असून मागतो", न मागावेत तर मनात साठत जातं. मालकाचीही तीच पंचाईत. खाडे करणाऱ्या पोराला बोललं की संध्याकाळी भावकीत विषय निघालाच. यावर उपाय एकच: कामाच्या गोष्टी कागदावर, घरच्या गोष्टी ओटीवर. कामाला लागतानाच पगार, सुट्टीचा वार, जादा वेळेचा दर, उचल किती आणि ती कशी फिटणार, एवढं एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. "आपल्यात कागद कशाला?" असं कुणी म्हटलं तर सांगावं, आपल्यात आहे म्हणूनच. वाटण्या तोंडी ठेवलेल्या घरांच्या सातबाऱ्यावर पुढे काय होतं ते कोकणात कुणाला समजावून द्यायला नको.

दुसरा बदलीचा साहेब. बँकेतला, पंचायत समितीतला, बंदराच्या कंपनीतला. घाटावरून नाहीतर मुंबईहून आलेला आणि दोन-तीन वर्षांत जाणारा. त्याला शिमगा म्हणजे धुळवडीची एक सुट्टी वाटते. पहिल्या मार्चमध्येच तो चार अर्ज नामंजूर करतो, "कडक आहे" असा शिक्का बसतो आणि तो बदलीपर्यंत पुसत नाही. या साहेबाने रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात जुन्या शिपायाबरोबर अर्धा तास चहा घ्यावा आणि विचारावं, "इथलं वर्ष कसं असतं?" स्टाफनेही तो विचारेल याची वाट बघत बसू नये.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, मधला माणूस. मुकादम, सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, बोटीवरचा तांडेल. मालक कधीमधी दिसतो, हा रोज दिसतो. शंभरातल्या नव्वद तक्रारी मालकाच्या नावाने सुरू होतात आणि खणत गेलं की इथे पोचतात. अडचण अशी, की या जागी बहुतेक वेळा सगळ्यात झपाट्याने काम करणारा माणूस बसवतात. काजू सोलण्यात जिचा हात बसलाय ती बारा जणींना सांभाळू शकेलच असं नाही. ते वेगळं काम आहे आणि ते कुणीतरी शिकवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल २०२२ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात मॅनेजरांना प्रशिक्षण द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. छोट्या मालकाने त्यासाठी वर्ग भरवायला नकोत. बढती देताना सोबत बसून निदान तीन गोष्टी सांगाव्यात: रजा तू किती दिवसांपर्यंत परस्पर देऊ शकतोस, ओरडायचं असेल तर कुठे ओरडायचं, आणि कुठली गोष्ट लगेच मला कळवायची.

पायरी २: आठवडाभर नोंद ठेवा

ही कामगाराने करायची आणि झटपट उरकायची. आठ दिवस, रोज घरी गेल्यावर दोन ओळी. आज डोकं कशाने फिरलं? माणसाने की व्यवस्थेने? "सगळ्यांसमोर बोलला" हे माणसाचं. "पाळी बदलल्याचं रात्री दहाला कळलं" हे व्यवस्थेचं. आठवड्याअखेर व्यवस्थेच्या रकान्यात जास्त भरलं असेल तर हायसं वाटू द्या, व्यवस्था बदलता येते.

पायरी ३: रजेचं कॅलेंडर भिंतीवर लावा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणात साहेब आणि स्टाफ यांचं बिनसतं ते सगळ्यात जास्त रजेवरून.

आपलं वर्ष सरकारी सुट्ट्यांच्या यादीत मावत नाही. रत्नागिरीकडे शिमगा गावागावाचा वेगळा: कुठे तेरसे, कुठे भद्रेचे, आणि त्यानंतर पालखी घरोघर फिरणार. तुमच्या घरी पालखी कधी येणार ते गाव ठरवतं, कंपनी नाही. मानकऱ्याच्या घरातला पोरगा त्या दिवशी कामावर थांबला तर साहेबाला काही वाटणार नाही, पण त्याच्या घरात वर्षभर बोलणं होईल. सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेची तारीख तर तिथीवर ठरतच नाही, ती देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. जून-जुलैत भाताची लावणी. भाद्रपदात गणपती, त्याबद्दल काही बोलायलाच नको.

आणि मालकाचं वर्ष नेमकं याच्या आडवं येतं. मार्च ते मे आंबा, मे महिन्यात पर्यटक आणि कॅनिंग, दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला रिसॉर्ट भरलेलं. त्यामुळे प्रत्येक अर्ज स्वतंत्र भांडण होऊन येतो. ते टाळायचं तर भांडण वर्षातून एकदाच करून टाकावं, जानेवारीत, चहाभजी मागवून.

कसं करायचं ते सांगतो. मोठं कॅलेंडर भिंतीवर लावा. मालकाने आधी लाल पेनाने बंद दिवस मारावेत, म्हणजे त्या दिवशी कुणालाच रजा नाही. पण ते मोजकेच असावेत आणि का ते सांगावं. मग प्रत्येकाने आपले दोन दिवस लिहावेत, जे मेलो तरी हलणार नाहीत असे, आणि दोन असे जे मिळाले तर बरं. एकाच दिवसावर चार जण आले तर मागच्या वर्षी कुणाला मिळाली ते बघावं, म्हणून जुनं कॅलेंडर फेकून देऊ नये. तारीख मागाहून ठरणाऱ्या जत्रेसाठी प्रत्येकाला एक तरंगती रजा ठेवावी, आठ दिवस आधी सांगितलं की मंजूर.

गणपतीचं गणित तर आपल्या चालीरीतींनीच सोपं केलंय, फक्त कुणी मांडत नाही. कुणाच्या घरी दीड दिवसाचा, कुणाकडे गौरीबरोबर जाणारा, कुणाकडे सात, कुणाकडे अकरा, काही घरांत एकवीस. कोणाचा गणपती किती दिवसांचा ते एकदा लिहून काढा. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतात आणि गौरीवाल्यांना मोकळं करतात. आगमन आणि पहिला दिवस मात्र कुणाकडून मागू नये. त्या दिवशी यायला लावलेला माणूस कामाला येतो, काम करत नाही.

स्थानिक नसलेल्यांचं काय? रत्नागिरीच्या बंदरांतल्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा मोठा सण दसैं, आपल्या नवरात्राच्या सुमारास, ऐन मासेमारीच्या हंगामात. त्यांना एका दिवसाची सुट्टी देऊन उपयोग नसतो. जायचं तर जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. दोघातिघांनी आलटून पालटून एका वर्षी दसैंला, एका वर्षी पावसाळ्यात, असं ठरलं तर परत येणाऱ्यांची संख्या वाढते. न ठरवता अडवलं तर माणूस जातो तो जातोच.

दिलेली रजा फोन करून रद्द करायची नाही. करावीच लागली तर मालकाने स्वतः फोन करावा, सुपरवायझरकडून निरोप पाठवू नये, आणि बदल्यात काय देणार ते त्याच फोनवर सांगावं. कामगारानेही विसर्जनाच्या सकाळी "ताप आहे" असा मेसेज टाकू नये. संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसला तुम्ही ढोल वाजवताना दिसताच.

पायरी ४: हिशेब दिसू द्या

पगार कमी असल्याचं दुःख वेगळं आणि हिशेब कळत नसल्याचं वेगळं. दुसरं जास्त कुरतडतं, कारण त्यात साहेबाच्या हेतूवर शंका येते.

बोटीवर जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे मासळीच्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं आणि उरलेल्याचे वाटे पडतात. वाद वाट्यावर क्वचित होतो, तो या वजावटीवर होतो. बर्फ किती घेतला ते खलाशाने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग पावत्या तांडेलासमोर ठेवल्या तर मालकाचं जातं काय? काजू कारखान्यात किलोवर मजुरी असेल तर वजनकाट्याचा आकडा बाईला दिसेल अशा बाजूला काटा ठेवावा. तुकडा जास्त पडला म्हणून कापायचं असेल तर किती तुकड्यांपर्यंत चालतं ते आधी सांगावं. रिसॉर्टवर टिपेचा डबा एकच ठेवून आठवड्याने सगळ्यांसमोर उघडावा, स्वयंपाकघरातल्या आणि धुण्याभांड्याच्या बायकांनाही त्यात वाटा असावा. पाहुणा खूष होतो तो सुरमईच्या तव्यामुळे, आणि टीप मिळते बिल घेऊन गेलेल्या पोराला.

उचल हा नाजूक विषय. हंगामाआधी दिलेल्या रकमेवर माणूस बांधून घेण्याची जुनी सवय आहे. उचल द्या, पण महिन्याला किती कापणार ते ठरवून, आणि बाकी किती उरली ते कामगाराकडच्या वहीतही लिहून. "आधी पैसे फेड, मग जा" असं म्हणून कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे कित्येक सज्जन मालकांनाही ठाऊक नसतं.

पायरी ५: चूक वरपर्यंत पोचू द्या

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात रात्रपाळीला एकटा ऑपरेटर आहे. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड राहायला हवा. रात्री दोन वाजता तापमान हळूहळू चढताना दिसतं. त्याने मॅनेजरला उठवायचं की सकाळपर्यंत आपणच खटपट करायची? याचं उत्तर यंत्राच्या मॅन्युअलमध्ये नसतं. मागच्या वेळी ज्याने उठवलं त्याला काय ऐकावं लागलं, त्यात असतं.

संशोधक एमी एडमंडसन हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते, बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि "माझ्याकडे कधी तक्रारच येत नाही" असं अभिमानाने सांगणारा साहेब भेटला की मला हाच अभ्यास आठवतो.

साहेबासाठी यात करण्यासारखी गोष्ट एकच आहे, पण अवघड आहे. वाईट बातमी ऐकल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य आधी पाठ करून ठेवा. "कुणी केलं?" हे वाक्य बाद. "बरं झालं सांगितलंस, आत्ता काय स्थिती आहे?" हे चालेल. चूक कुणाची ते दुसऱ्या दिवशी बघता येतं. रात्री दोन वाजता माल वाचवायचा असतो. लोट्यासारख्या ठिकाणी, जिथे व्हॉल्व्हमधून गळती असू शकते, तिथे मालासोबत माणसंही.

कामगाराने सांगताना गोष्ट रंगवू नये. काय झालं, कधी दिसलं, आतापर्यंत मी काय केलं, मला काय मदत हवी. चार वाक्यं. बचाव पाचव्या वाक्यात, विचारला तर.

पायरी ६: बोलायला बसा, पण वेळ बघून

बोट जेटीला लागतेय, पाहुण्यांचं चेक-इन चाललंय, बँकेत महिनाअखेर आहे, अशा वेळी मांडलेली रास्त तक्रारसुद्धा कटकट वाटते. आधी वेळ मागा: "साहेब, दहा मिनिटं बोलायचं होतं, आज की उद्या?" सिंधुदुर्गात घरोब्याचा मालक असेल तर सरळ मालवणीत, "माका जरा तुमच्याशी बोलूचा आसा". पण काय बोलायचं ते ठरवून जा.

नोंदवहीतली एकच गोष्ट न्या. पाच नेल्या तर साहेब सगळ्यात सोप्या गोष्टीचं उत्तर देऊन मोकळा होईल. आणि तोडगा सोबत न्या. "पाळ्या कधीही बदलतात" यावर साहेब "बघतो" म्हणेल. "पाळ्यांचा तक्ता शनिवारी दुपारपर्यंत लागला तर मी रविवारी घरचं ठरवू शकतो, तक्ता मी लिहून देतो, तुम्ही सही करा" याला नाही म्हणणं कठीण जातं.

साहेबाच्या बाजूने दोन पथ्यं. बोलायचं ते एकट्याला, दार लावून. चारचौघांत झालेला अपमान छोट्या गावात कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. रात्री तो वाडीत पोचतो, बायकोला नळावर कळतो. कौतुक मात्र चारचौघांत, आणि नेमकं: "छान काम" यापेक्षा "काल जनरेटर बंद पडला तेव्हा पाहुण्यांना तू ज्या तऱ्हेने सांभाळलंस ते". दुसरं पथ्य व्हॉट्सॲप ग्रुपचं. ग्रुपवर सूचना टाकाव्यात, झाप टाकू नये, आणि रात्री नऊनंतरचा मेसेज सकाळी वाचला तरी चालेल हे एकदा लिहून सांगावं. न सांगितलं तर स्टाफ फोन उशाशी घेऊन झोपतो.

पायरी ७: पावसाळ्याचं आधी ठरवा

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्याला हे पटवावं लागणार नाही. वाशिष्ठी किंवा जगबुडी इशारा पातळीवर गेली, परशुराम घाटात दरड आली, तर कामावर यायचं की नाही हे कोण ठरवणार? मे महिन्यातच ठरवा. माझ्या मते तो निर्णय रस्त्यावर असलेल्या माणसाचा असावा, फोनवर असलेल्या साहेबाचा नसावा. त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हेही तेव्हाच ठरवून टाका. आणि पाणी ओसरल्यावर "कधी येतोस?" विचारण्याआधी "घरात किती शिरलं?" विचारा.

पायरी ८: नात्याच्या पलीकडचं असेल तेव्हा

वरचं सगळं दोन बऱ्या माणसांसाठी आहे. शिव्या, हात उगारणं, पगार दाबून ठेवणं, बाईमाणसाला त्रास देणं, हे समजुतीने सुटणारे गैरसमज नव्हेत. इथे साहेबाला समजून घेत बसू नका.

लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. १० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. होमस्टेसारख्या छोट्या जागी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची. पगाराच्या तक्रारीसाठी जिल्ह्याचं कामगार कार्यालय. तिथे जाताना पहिल्या पायरीतला तो सही केलेला कागद आणि हजेरीचे फोटो जवळ असले की बोलणं सोपं होतं. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पायरी ९: सोडायचंच ठरलं तर

नोंदवही तीन महिन्यांनीही तेच सांगत असेल, बोलून झालं असेल, काही हललं नसेल, तर सोडणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. फक्त बातमी साहेबाला तुमच्या तोंडून कळू द्या, बाजारातून नको. कोकणात धंद्यातली माणसं मोजकी. आजच्या मालकाला उद्याचा मालक फोन करणारच. ऐन हंगामात सोडून जाणं शक्यतो टाळा. मालकानेही जाणाऱ्याला एकदा विचारावं, "काय बदललं असतं तर थांबला असतास?" आणि उत्तरावर वाद घालू नये.

निघण्याआधी उचलीचा आणि पगाराचा हिशेब लेखी घ्या, अनुभवाचं पत्र घ्या. १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सलग ५ वर्षं झालेल्या कायम कामगाराचा ग्रॅच्युइटीवर हक्क असतो, ती मागायला लाजू नका. पीएफ कापला जात असेल तर नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढली आहे का ते तपासा, नाहीतर पैसे काढताना अडतं. मालकाने ती भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुमच्या यूएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) खात्यातून ती तुम्हाला स्वतःच भरता येते.